धूम्रपान आणि आपली हाडं-सांधे : वर्गात आणि घरात बोलण्यासारखा एक पाठ



३१ मे हा तंबाखूविरोधी दिन. आपल्याकडे तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यामुळे हा दिवस बहुतेक शाळांत जूनमध्ये कधीतरी उरकला जातो. मुलं काळी फुफ्फुसं काढतात, कवटी काढतात, खाली घोषवाक्य लिहितात. आठवीच्या कोणत्याही वर्गात विचारा, "बिडी-सिगारेट ओढल्याने काय होतं?" एका सुरात उत्तर येतं, "कॅन्सर होतो सर!" उत्तर बरोबरच आहे. पण तेरा वर्षांच्या पोराला कॅन्सर म्हणजे आजोबांच्या वयाला होणारी गोष्ट वाटते. आपल्याशी तिचा काही संबंध आहे असं त्याला वाटतच नाही.

आता जरा दुसरा प्रश्न विचारून बघा. "धूम्रपानाने कंबर दुखते का? गुडघ्याला काही होतं का? मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो का?" वर्ग गप्प होतो. खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीत हाच प्रश्न टाकला तरी तीच शांतता असते. आपण सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्था शिकवतो आणि दहावीत सामाजिक आरोग्यात व्यसनं शिकवतो. या दोन पाठांची गाठ घालून देणारा पाठ मात्र पुस्तकात नाही. तो आपण आज करू.

हाड म्हणजे दगड नव्हे

मुलांच्या डोक्यात हाडाचं चित्र प्रयोगशाळेतल्या सांगाड्यासारखं असतं. पांढरं, कोरडं, मेलेलं. तिथूनच सुरुवात करावी लागते. आपल्या अंगातलं हाड जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात आणि दोन प्रकारचे कामगार रात्रंदिवस राबत असतात. एक टोळी जुनं हाड पोखरून काढते, दुसरी टोळी तिथे नवं बांधते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने घडतो. घराची डागडुजी कायम चालू असावी तसं.

लहानपणी बांधणारी टोळी पुढे असते. अठरा-वीस वर्षांपर्यंत आयुष्यभराच्या हाडसाठ्यापैकी सुमारे नव्वद टक्के साठा जमा होऊन जातो. पुढे विशी-तिशीत थोडी भर पडते, मग काही वर्षं तो टिकून राहतो आणि त्यानंतर उतरणीला लागतो. सुगीत कणगी भरावी आणि पुढे वर्षभर त्यातलं काढून खावं, असा हा हिशेब आहे. सुगी कधी? आठवी ते बारावी. म्हणजे पोरं आपल्या वर्गात बसलेली असतात तेव्हा. आणि पहिली सिगारेट, पहिली बिडी बहुतेकांच्या हाती येते तीही याच वर्षांत. हे दोन्ही एकाच वेळी घडतं, हेच या पाठाचं मूळ कारण आहे.

धूर हाडाचं नेमकं काय करतो? तीन-चार वाटांनी तो नुकसान करतो. पहिली वाट निकोटीनची. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हाडांना, स्नायूंना होणारा रक्तपुरवठा घटतो. दुसरी वाट कार्बन मोनॉक्साईडची, आणि ती मुलांना समजावायला एसटीचं उदाहरण फार कामाला येतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ही एसटी. ऑक्सिजन हा तिचा नेहमीचा प्रवासी. कार्बन मोनॉक्साईड हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा आगाऊ माणूस. हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ताकद ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त आहे. एकदा बसला की चार-पाच तासांत अशा प्रवाशांपैकी जेमतेम निम्मे उतरतात. गाडी भरलेली दिसते, पण ज्याला खरंच जायचं होतं तो स्थानकावरच राहतो. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात अशा अडवलेल्या जागा एक-दोन टक्के असतात. ओढणाऱ्याच्या रक्तात चार-पाच टक्के, आणि जास्त ओढत असेल तर दहा टक्क्यांच्या आसपाससुद्धा.

तिसरी वाट म्हणजे धुरातल्या द्रव्यांमुळे हाड बांधणाऱ्या पेशी थेट मंदावतात, पोखरणाऱ्यांना मात्र मोकळं रान मिळतं. शिवाय आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे आई नाचणीची भाकरी, दूध, तीळ सगळं आठवणीने देते आणि त्यातला काही भाग धुरामुळे वाया जातो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक भर पडते. हाडांचं रक्षण करणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक धूम्रपानामुळे शरीरात लवकर मोडलं जातं, आणि पाळी जाण्याचं वय सरासरी एक-दोन वर्षांनी अलीकडे येतं.

हे सगळं म्हातारपणी दिसणार, असं कुणी म्हणेल. पण स्वीडनमध्ये अठरा ते वीस वयाच्या तरुणांची हाडं मोजली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या पोरांची घनता न करणाऱ्यांपेक्षा कमी भरली. विशीतच! कणगी अर्धी भरायची राहिली तर पुढे कुठून भरणार?

सकाळ-संध्याकाळची उंची आणि जुळ्या भावंडांचा अभ्यास

इथे एक घरगुती प्रयोग द्यावा. मुलांनी सकाळी उठल्याउठल्या भिंतीला टेकून उंची मोजायची आणि संध्याकाळी खेळून आल्यावर पुन्हा मोजायची. त्याच भिंतीवर, त्याच पट्टीने, अनवाणी. साधारण एक सेंटिमीटरचा फरक येतो, काहींना जास्तही. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गोंगाट असतो, "सर, मी बुटका झालो!"

असं का होतं? दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते ती पाण्याने भरलेली असते. दिवसभर उभं राहून, वजन उचलून ती दबते आणि तिच्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर पडतं. रात्री आडवं झालं की ते परत शोषलं जातं. ओला स्पंज दोन पाट्यांच्या मधे दाबून आणि सोडून दाखवला की चौथीच्या पोरालाही हे कळतं. आता महत्त्वाचं. मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. शेजारच्या मणक्यातल्या बारीक केशवाहिन्यांतून जे काही पाझरेल त्यावर तिचं पोट. गावाच्या टोकाला, नळाच्या शेवटच्या घराला जसं थेंब थेंब पाणी येतं तसंच. दाब जरा कमी झाला की आधी कोरडं पडतं ते शेवटचं घर. निकोटीनने वाहिन्या आकसल्या, कार्बन मोनॉक्साईडने ऑक्सिजन अडवला, की पहिला फटका या गादीला बसतो. ती सुकते, तिची उंची घटते, तिला भेगा पडतात. "गादी सरकली" हे वाक्य आपण रोज ऐकतो. आधी ती का कमजोर झाली होती, हे कुणी विचारत नाही.

यावर १९९१ साली प्रसिद्ध झालेला फिनलंडमधला एक अभ्यास मला फार आवडतो, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी तो जरूर वापरावा. संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या वीस जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत एक जण धूम्रपान करणारा, दुसरा न करणारा. दोघांची जनुकं सारखी, बालपण सारखं. मग दोघांच्या कमरेच्या मणक्यांचं एमआरआय केलं. धूम्रपान करणाऱ्या जुळ्याच्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. 'चल' आणि 'नियंत्रण' हे शब्द आपण प्रयोगवहीत लिहून घेतो, पण त्यांचा खरा अर्थ अशा उदाहरणातून कळतो. आधी वर्गाला विचारा, "भावाभावांची तुलना न करता गावातल्या कुणाही दोघांची केली असती तर काय बिघडलं असतं?" या एका प्रश्नावर अर्धा तास जातो, आणि तो चांगला जातो.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. २०१० साली कंबरदुखी आणि धूम्रपान यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यात धूम्रपानानंतर नव्याने कंबरदुखी सुरू होण्याचा संबंध प्रौढांपेक्षा किशोरवयीन मुलांत जास्त ठळक दिसला. "पोरगं आहे, सहन होईल" हा आपला समज इथे टिकत नाही.

"बिडीनं कंबर मोकळी होते"

काही वर्षांपूर्वी पालकसभा संपल्यावर एक वडील मागे थांबले होते. मार्केट यार्डात हमाली करणारे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. मुलाचा अभ्यास, हजेरी यावर बोलणं झालं आणि जाताना ते कमरेवर हात ठेवून उठले. मी विचारलं, "दादा, औषधपाणी काही घेताय का?" ते हसले. म्हणाले, "कशाचं औषध गुरुजी. एक बिडी वढली की कंबर मोकळी व्हती."

यावर "बिडी वाईट असते हो" असं उपदेशाचं उत्तर देणं सोपं आहे. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि इथेच या विषयाचं मर्म आहे. निकोटीन मेंदूपर्यंत काही सेकंदांत पोचतं आणि थोडा वेळ वेदना खरंच बोथट करतं. दहा-पंधरा मिनिटं, अर्धा तास बरं वाटतं. पण त्याची सवय झालेल्या शरीरात निकोटीन उतरायला लागलं की वेदनेची जाणीव उलट तीव्र होते. मग कंबर पुन्हा ठणकते, चिडचिड होते, आणि हात खिशाकडे जातो. पुढच्या बिडीने जे दुखणं थांबतं त्यात थोडा वाटा आधीच्या बिडीचाच असतो. सावकाराच्या कर्जासारखं आहे हे. जुनं व्याज फेडायला नवं कर्ज काढायचं, मुद्दल तसंच. आणि तिकडे मणक्याची गादी रोज थोडी थोडी सुकतेच आहे.

मी त्यांना हे सावकाराचं उदाहरण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजी दुखणं बी तिचंच आन् दवा बी तिचीच." मी इतकी वर्षं विज्ञान शिकवतो, पण एवढ्या थोडक्यात मला ते सांगता आलं नव्हतं.

म्हणून धूम्रपान करणाऱ्या पालकाशी बोलताना त्याच्या दुखण्याला खोटं ठरवू नका. ओझी उचलणारा, ऊसतोड करणारा, दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारा माणूस मजा म्हणून ओढत नसतो. त्याला दुखतं, आणि समोर स्वस्त उपाय दिसतो.

आमवात : फुफ्फुसात पेटलेली, सांध्यात भडकलेली

सांधेदुखी म्हणजे एकच आजार नाही, हे आधी स्पष्ट करू. वयानुसार गुडघ्याची कूर्चा झिजते ती वेगळी. आणि शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते तो आमवात वेगळा, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजतात, सकाळी तासाभराहून जास्त वेळ हात आखडलेले राहतात, मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. घरात कुणाला अशी लक्षणं दिसत असतील तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाचतात.

या आजाराला कारणीभूत ठरणाऱ्या बाहेरच्या गोष्टींमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा धूम्रपानाचा आहे. त्यामागची गोष्ट मोठी विलक्षण आहे. धुरामुळे फुफ्फुसातल्या काही प्रथिनांचं रूप किंचित बदलतं. संरक्षण यंत्रणेला ती ओळखू येत नाहीत. तिला वाटतं कुणी परकं घुसलं, आणि ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ही प्रतिपिंडं दुखणं सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात सापडू शकतात. पुढे तोच हल्ला सांध्यांवर येतो. काही लोकांच्या जनुकांतच याची तयारी असते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या क्लारेस्कोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की, ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही ते जनुक मिळालं आहे आणि जे धूम्रपानही करतात, त्यांना अशा प्रतिपिंडांसह होणाऱ्या आमवाताचा धोका, जनुकही नाही आणि धूम्रपानही नाही अशा लोकांच्या तुलनेत एकवीस पट होता.

एकवीस पट! वर्गात हा आकडा सांगताना एक काळजी घ्या. हा आकडा सगळ्या धूम्रपान करणाऱ्यांचा नाही, एका विशिष्ट गटाचा आहे. आमवात सुरू झाल्यावरही धूम्रपान चालू राहिलं तर मेथोट्रेक्सेटसारख्या नेहमीच्या औषधांचा गुण कमी येतो, हे मात्र घरातल्या रुग्णाला जरूर सांगा.

आता गुडघ्याच्या झिजेबद्दल. इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की पुरावा तितका सरळ नाही. काही मोठ्या पाहण्यांत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज उलट थोडी कमीच दिसली होती. त्यावर बरीच चर्चा झाली. धूम्रपान करणारे अनेकदा अंगाने बारीक असतात, गुडघ्यावर भार कमी पडतो, हे त्याचं एक कारण दिलं जातं. पण ज्यांचा गुडघा आधीच झिजलेला आहे अशा पुरुषांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यातल्या धूम्रपान करणाऱ्यांची कूर्चा जास्त वेगाने गेली आणि त्यांना दुखतही जास्त होतं. माझं मत विचाराल तर हा गुंता मुलांपासून लपवू नये. इंटरनेटवर त्यांना अर्धी बातमी कधीतरी सापडणारच, आणि मग ती आपलं बाकीचं सगळं खोटं मानतात.

मोडलेलं हाड आणि वाढलेलं प्लॅस्टर

हाडाच्या डॉक्टरांकडे गेलात तर ते पहिल्या दोन-चार प्रश्नांतच विचारतात, "बिडी-सिगारेट ओढता का?" रुग्णाला वाटतं यांना काय करायचंय. पण मोडलेलं हाड जुळायला तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, ऑक्सिजन पोचावा लागतो. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं जुळायला जास्त आठवडे लागतात, आणि हाड अजिबात न जुळण्याचा धोका साधारण दुपटीने असतो. मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, खांद्याची फाटलेली कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया, जखमेत पू होणं, सगळीकडे तीच कथा. म्हणून ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे धूम्रपान थांबवायला सांगतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात प्लॅस्टर दीड महिना जास्त राहिलं तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वयस्कर बायकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्यावर १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. पन्नाशीत धूम्रपान करणाऱ्या आणि न करणाऱ्या बायकांत फारसा फरक नव्हता. साठाव्या वर्षी धोका १७ टक्के जास्त, सत्तराव्या वर्षी ४१, ऐंशीव्या वर्षी ७१ आणि नव्वदाव्या वर्षी १०८ टक्के जास्त. हे चार आकडे नववीच्या मुलांना आलेखकागदावर मांडायला द्या. रेषा कशी वर वर चढत जाते हे त्यांनी स्वतः काढलेलं असलं की लक्षात राहतं. "१०० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ कशी असू शकते?" हा प्रश्न हमखास येतो, आणि शेकडेवारीची उजळणी फुकटात होते.

पण आपल्याकडे ओढतं कोण?

हा प्रश्न रास्त आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यातले धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, आणि मळून, चघळून, दातांना लावून वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा मोठा प्रश्न चुना-तंबाखू आणि मिश्रीचा. चघळण्यात धुराचा कार्बन मोनॉक्साईड नसतो, हे खरं. पण निकोटीन तेच आहे आणि रक्तवाहिन्या आकसण्याचं कामही तेच. दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणाऱ्या आजीला "मी कुठं बिडी ओढते" असं वाटत असतं. तिला हे कुणीतरी मायेने सांगायला हवं.

आणि बिडी लहान दिसते म्हणून ती सौम्य, हा समज तर पार चुकीचा. तिला गाळणी नसते. तेंदूच्या पानातून हवा आत जात नाही, ती विझू नये म्हणून भराभर झुरके घ्यावे लागतात. एका बिडीतून मिळणारं निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साईड सिगारेटइतकं किंवा त्याहून जास्त भरतं.

सोलापूर, सिन्नर भागातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको की तिथे बिडी ओढण्याआधी ती वळणारे हात असतात. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसणाऱ्या बायका. त्यांची मान, पाठ, बोटं दुखतात ती बसण्यामुळे, आणि तंबाखूची धूळ नाकात आणि हातातून अंगात जाते ती वेगळीच. त्यांची मुलं आपल्या वर्गात असतील तर हा पाठ घेताना शब्द जपून वापरा. बिडीला शिव्या घालताना त्या घराच्या भाकरीला शिव्या घातल्यासारखं पोराला वाटू नये.

भरतीची तयारी करणारी पोरं

दहावी-बारावीनंतर गावोगाव पहाटे रस्त्याने पळणारी मुलं दिसतात. पोलीस भरती, आर्मी भरती. १६०० मीटर ठरलेल्या वेळेत काढायचे असतात. यातलीच काही पळून झाल्यावर टपरीवर धूर सोडताना दिसतात, आणि मग नडगी दुखते, गुडघा दुखतो म्हणून बूट बदलत बसतात. अमेरिकी सैन्यात नव्याने भरती झालेल्यांवर जे अभ्यास झाले, त्यात धूम्रपान करणाऱ्यांना प्रशिक्षणाच्या काळात जास्त दुखापती झाल्या. या वयाच्या मुलाला कॅन्सरची भीती घालून उपयोग नाही, पण "तुझी नडगी भरून यायला शेजारच्यापेक्षा जास्त दिवस लागतील आणि तेवढ्यात भरती निघून जाईल" हे त्याला चटकन पोचतं. क्रीडाशिक्षकांनी हे काम मनावर घ्यावं. पोरं आमच्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

पाठ घेताना एक सावधगिरी

कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवलं की ते रबरासारखं वाकतं. प्रयोग छान आहे, हाडातलं कॅल्शियम निघून गेलं की काय होतं ते त्यातून दिसतं. पण "तंबाखू हाडाचं असं करते" असं सांगून हा प्रयोग दाखवू नका. धूर हाड विरघळवत नाही, तो बांधकाम मंदावतो आणि पुरवठा तोडतो. शिवाय ठिसूळ झालेलं हाड वाकत नाही, मोडतं.

खर्चाचं गणित मात्र जरूर द्या. समजा रोज तीस रुपये गेले. वर्षाचे १०,९५० होतात, दहा वर्षांचे १,०९,५००. मुलांना आपापल्या गावातल्या दुकानातला भाव घालून करू द्या, पण "तुझ्या घरी कोण ओढतं?" असं वर्गात सगळ्यांसमोर विचारू नका. काही मुलांसाठी तो प्रश्न फार जड असतो.

घरी काय करायचं

पालकहो, एक सवय आजच मोडता येईल. "जा रे, टपरीवरून बंडल घेऊन ये," असं पोराला सांगणं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणं गुन्हा आहे, मग ते त्याने बापासाठी घेतलेले का असेनात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, विकायलाही बंदी आहे. शंभर यार्ड म्हणजे किती, ते सातवीच्या मुलांकडून फाटकापासून टेपने मोजून घ्या. मापनाचा पाठ होतो आणि टपरी कुठे येते तेही कळतं.

सोडायचं ठरवलं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असावी. पहिल्या आठवड्यात कंबर, सांधे जास्त दुखल्यासारखे वाटतील, झोप उडेल, चिडचिड होईल. बरेच जण इथेच परत फिरतात, कारण त्यांना वाटतं, बघा, बिडी सोडली आणि दुखणं वाढलं. हा सावकाराचा शेवटचा तगादा असतो. तीन-चार आठवड्यांत तो ओसरतो. या काळापुरतं दुखण्यासाठी डॉक्टरांकडून साधं औषध घ्यावं, निकोटीनच्या गोळीबद्दल म्हणजे चघळायच्या गमबद्दल विचारावं, आणि थोडं चालावं.

शरीर परत किती सावरतं? रक्तातला कार्बन मोनॉक्साईड एक-दोन दिवसांत निघून जातो, म्हणजे एसटीतल्या जागा मोकळ्या होतात. हाडांचा हिशेब मात्र सावकाश चालतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात धूम्रपान सोडलेल्या स्त्रियांचा खुबा मोडण्याचा धोका कमी झालेला दिसला, पण दहा वर्षं गेल्यावर. आमवाताचा वाढलेला धोका तर सोडल्यावर वीस वर्षांपर्यंत थोडाफार मागे राहतो. पस्तिशीत सोडणाऱ्याला पंचेचाळिशीत फळ मिळतं. पंचावन्नला सोडणाऱ्यालाही मिळतं, पासष्टीला, आणि खुबे खरे मोडतात ते त्यानंतर.

मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतूनही बोलता येतं. हाच क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर आणि बिडीच्या बंडलावर चित्राच्या खाली छापलेला असतो. पालकसभेत फळ्यावर लिहून ठेवा. कुणी वहीत उतरवून घेताना दिसलं तर त्याच्याकडे बघू नका, फळा पुसायची घाई तेवढी करू नका.